पोलादाच्या नगरींतील छापील गवई

भूगोलाच्या तासाला आम्हीं तीस वर्षें मुलांकडून ‘पिट्सबर्ग : कोळसा, लोखंड व पोलाद’ असें घोकून घेतलें. पुढें आपणच त्या गांवीं जाऊं आणि तेथें कारखाने न पाहतां गाणाऱ्या-बजावणाऱ्यांच्या तसबिरींपुढें तासचे तास उभे राहूं, असें त्या काळीं कोणी सांगितलें असतें तर आम्हीं त्यास बाकावर उभें केलें असतें. परंतु आमची कन्या व जांवईबापू कांहीं वर्षांपासून तेथें राहतात. त्यांच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां तिकडे गेलों व चांगले दोन महिने राहिलों. त्या मुक्कामांत पाहिलें पुष्कळ. लिहावयाचें आहे तें एकाच गोष्टीविषयीं.

विमानतळावरून गांवांत येतांना डोंगराच्या पोटांतून एक बोगदा लागतो. बोगद्यांत असेपर्यंत शहराचा मागमूसही नसतो. तो संपतो न संपतो तोंच मोटार एकदम उंच पुलावर येते आणि नद्या, पूल, गगनचुंबी इमारती असें सारें शहर एका क्षणांत समोर उभें राहतें. नाटकाचा पडदा वर जावा, तसा हा प्रकार आहे. ॲलिघनी व मोनोंगहेला ह्या दोन नद्यांचा येथें संगम होतो व तेथून पुढें ओहायो ही तिसरी नदी वाहूं लागते. प्रयागास तिसरी नदी गुप्त आहे, येथें ती संगमानंतर प्रकट होते, एवढाच काय तो भेद, असें आम्ही म्हणालों. तें ऐकून आमच्या सौभाग्यवतींनीं मोटारींतूनच हात जोडले. पोलादाचे बहुतेक कारखाने १९८० नंतरच्या चार-सहा वर्षांत बंद पडले. आमच्या भूगोलाच्या पुस्तकांतील धूर आतां तेथें दिसत नाहीं.

ॲलिघनी नदीवर एका ओळींत तीन सारखेच पिवळे पूल आहेत. एकास बेसबॉलच्या खेळाडूचें नांव आहे, एकास सृष्टिविषयक ग्रंथ लिहिणाऱ्या विदुषीचें, आणि मधल्यास २००५ सालापासून अँडी वॉरहॉल ह्या चित्रकाराचें. पूल बांधणाऱ्यांचें किंवा पुढाऱ्यांचें नांव नाहीं, ह्याचें आम्हांस कौतुक वाटलें. हा मधला पूल १९२६ सालचा. तो ओलांडून उत्तर तीरावर गेलें कीं जवळच ह्याच चित्रकारास वाहिलेलें सात मजली संग्रहालय लागतें. तें १९९४ सालीं उघडलें. इमारत मात्र १९११ सालची. प्रथम तींत खाणींस व कारखान्यांस लागणारें सामान विकत असत. मागाहून तेथें वाद्यांचें व स्वरलिपींच्या पुस्तकांचें मोठें दुकान होतें. गायकांच्या तसबिरींस ह्याहून योग्य घर कोणतें मिळणार?

आतां ह्या तसबिरी म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. ‘पॉप’ हा ‘पॉप्युलर’ म्हणजे लोकप्रिय ह्या शब्दाचा संक्षेप. विसाव्या शतकाच्या मध्यास प्रथम इंग्लंडांत व मग अमेरिकेंत कांहीं चित्रकारांनीं असें ठरविलें कीं, देवदेवता, राजेरजवाडे व निसर्ग हे विषय पुष्कळ झाले. आतां जें लोकांच्या डोळ्यांपुढें अहोरात्र नाचतें तेंच चितारावें. सुपाचे डबे, शीतपेयांच्या बाटल्या, सिनेमांतील नट्या आणि लोकप्रिय गायक! तेंही कुंचल्यानें रंगवून नव्हे, तर छापून. वॉरहॉलनें ह्यासाठीं जी रीत १९६२ च्या ऑगस्टमध्यें उचलली, ती आपल्याकडे लग्नपत्रिका छापणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवावयाची. तीस उजेडानें घट्ट होणारें द्रव्य फांसावयाचें. वर छायाचित्राची पारदर्शक प्रत ठेवून उजेड द्यावयाचा. उजेड लागतो तेथें जाळीचीं भोंकें बुजतात, उरलेलें द्रव्य पाण्यानें धुऊन जातें. मग शाई ओतून रबरी पट्टीनें ओढली कीं मोकळ्या भोंकांतून ती खालीं उतरते. एका जाळीवर एक छाप काढा किंवा शंभर काढा.

संग्रहालय वरच्या मजल्यापासून पाहत खालीं यावयाचें, अशी तेथील वहिवाट आहे. आम्हांस ज्यानें खिळवून ठेविलें तें चित्र एल्व्हिस प्रेस्ली ह्या गायकाचें. लांबच लांब रुपेरी पटावर हा एकच पुरुष, एकाच पवित्र्यांत, पाय फांकून, पुरा माणसाएवढा, अकरा वेळां छापलेला आहे. चित्र १९६३ सालचें. सौभाग्यवती लहानपणीं पेटी शिकलेल्या, त्यांनीं जवळ जाऊन बारकाईनें पाहिलें व विचारलें, “अहो, हा गवई ना? मग ह्याच्या हातांत पिस्तूल कां?”

प्रश्न अगदीं वर्मी लागणारा होता. एल्व्हिसनें १९६० सालच्या ‘फ्लेमिंग स्टार’ नांवाच्या बोलपटांत काम केलें होतें. त्या बोलपटाच्या जाहिरातीसाठीं कंपनीनें काढविलेलें छायाचित्र वॉरहॉलनें घेतलें. म्हणजे मूळचा गायक. त्याचा झाला नट. नटाचें सोंग बंदूकबाज गड्याचें. त्या सोंगाचें छायाचित्र. आणि त्या छायाचित्राचें हें छापचित्र! शंकुकानें रसचर्चेंत चित्रांतील घोड्याचा दाखला दिला आहे; त्यास घोडा म्हणावें तर तो खरा नव्हे, न म्हणावें तर तेंही खरें नव्हे. येथें तर त्या घोड्याचीही चौथी पिढी भिंतीवर उभी आहे. गाणें मात्र कोठेंच नाहीं. रविवर्म्याच्या छापखान्यांतून निघालेली सरस्वती आपल्या आजोळच्या भिंतीवर असे. तीही छापीलच, तिच्याही हजारों प्रती निघालेल्या. पण तिच्या हातीं वीणा होती. आपल्या दक्षिणी व राजस्थानी रागमालांत तर गवयाचें नांवगांवच नाहीं, रागच मूर्तिमंत होऊन बसलेला आहे. ह्या अमेरिकन कलेंत राग गेला, वीणा गेली, उरला तो चेहरा.

परंतु तेवढ्यावरून हें चित्र हिणकस ठरवूं नये. आम्ही बाकावर बसून पुष्कळ वेळ पाहत राहिलों, तेव्हां एक गोष्ट दिसूं लागली. अकरा एल्व्हिस एकसारखे नाहींत. कोठें शाई दाट, कोठें पातळ. कोठें एकावर दुसरा चढलेला. कोठें आकृति इतकी फिकी कीं भुतासारखी रुपेरी रंगांत विरून चालली आहे. छापतांना पट्टीवर कमीजास्त दाब पडला, शाई सरत आली, म्हणून असें झालें असेल. पण चित्रकारानें तें तसेंच ठेविलें. भर्तृहरीनें कवींच्या यशोमय देहास जरामरणाचें भय नाहीं असें म्हटलें आहे. हा चित्रकार तेवढा निःशंक नाहीं. त्याच्या पटावर यशाचें शरीरसुद्धां झिजतें. हें चित्र छापलें तेव्हां एल्व्हिस अठ्ठावीस वर्षांचा होता व कीर्तीच्या शिखरावर होता. १९७७ सालीं तो बेचाळिसाव्या वर्षीं वारला. त्याच मालिकेंतील तीन आकृतींचें एक चित्र २०१४ सालीं लिलांवांत आठ कोटी डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. आंकडा ऐकून जांवईबापूंनीं डोळे मिटले.

ही अशी ओळीनें उभी केलेली मुद्रा वॉरहॉलला सुचली कोठून? त्याचें उत्तर आम्हांस गांवाच्या दुसऱ्या टोकास मिळालें. वॉरहॉलचा जन्म ह्याच शहरीं ६ ऑगस्ट १९२८ रोजीं झाला. आईबाप कार्पेथियन डोंगरांतील मिकोवा नांवाच्या खेड्यांतून आलेले. तें खेडें आतां स्लोव्हाकियांत आहे. बाप मजुरीचीं कामें करी. तो १९४२ सालीं वारला. मुलास लहानपणीं हातपाय आपोआप थरथरण्याचें दुखणें झालें व तो कित्येक दिवस अंथरुणास खिळला. त्या अंथरुणावर सिनेमांतील नटनट्यांचीं छायाचित्रें जमवावीं व पाहावीं, हाच त्याचा विरंगुळा. शर्ली टेंपल ह्या बालनटीनें त्यास सही करून पाठविलेलें छायाचित्र संग्रहालयानें जपून ठेविलें आहे. आणि रविवारीं आई त्यास चर्चमध्यें नेई. एका अरुंद खोऱ्यांत, हमरस्त्याच्या प्रचंड पुलाच्या सावलींत तें लहानसें देऊळ उभें आहे. बायझंटाइन पंथाच्या देवळांत गाभाऱ्यापुढें एक आडभिंत असते व तीवर सोनेरी भूमीवर संतांच्या तसबिरी ओळीनें बसविलेल्या असतात. त्या तसबिरींतील संत कांहीं करीत नाहींत, नुसते समोर पाहतात. भक्तानें पाहावें व त्यांनीं पाहूं द्यावें. सोन्याच्या जागीं रुपेरी रंग आणि संताच्या जागीं गायक ठेवला कीं संग्रहालयांतील तो पट तयार होतो, असें आम्हांस तेथें उभें असतां स्पष्ट वाटलें. बाजारी म्हणून ज्या कलेस नांवें ठेवितात, तिच्या मुळाशीं एका आजारी मुलाची भक्ति आहे. बाजार मागाहून आला; पण आला खरा, हेंही लपविण्यांत अर्थ नाहीं.

मिक जॅगर हा ‘रोलिंग स्टोन्स’ ह्या इंग्रज मंडळींतील गायक. त्याचीं वॉरहॉलनें १९७५ सालीं दहा छापचित्रें केलीं व प्रत्येकाच्या अडीचशें प्रती काढल्या. त्यांतील कांहीं आम्हीं पाहिलीं. रंगीत कागदाचे फाडलेले तुकडे चिकटवल्यासारखे रंगाचे पट्टे, त्यांवर छायाचित्राचा काळा ठसा, आणि वरून हातानें ओढलेल्या रेषा. ओठ मोठे, नजर उर्मट. आम्हांस तीं फारशीं भावलीं नाहींत. मात्र एक विशेष असा कीं ह्या चित्रांवर चित्रकाराची व गायकाची अशा दोघांच्याही सह्या आहेत. एल्व्हिस देव होता, जॅगर भागीदार आहे. दुसरा विशेष हा कीं हीं छायाचित्रें वॉरहॉलनें स्वतः काढलीं. तसें करण्यास कारण घडलें होतें. १९६४ सालीं त्यानें एका मासिकांतील जास्वंदीच्या फुलांचें छायाचित्र न विचारतां घेऊन चित्रें छापलीं होतीं. तें छायाचित्र जिचें, त्या बाईनें दावा लावला व प्रकरण देणेंघेणें करून मिटवावें लागलें.

इंग्लंडांतील मंडळींचीही एक गोष्ट जातां जातां सांगतों, कारण तिचा आपल्याशीं संबंध आहे. बीटल्स ह्या चौकडीच्या १९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर’ ह्या रेकॉर्डचें वेष्टन पीटर ब्लेक व जॅन हॉवर्थ ह्या दांपत्यानें केलें. चौघा गायकांच्या मागें जगांतील नामांकित माणसांची गर्दी आहे. तींत महात्मा गांधीही उभे केले होते. परंतु हिंदुस्थानांतील ग्राहक दुखावतील ह्या भयानें रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखानें त्यांस काढावयास लाविलें. आमच्या मतें हें एक काम त्यानें शहाणपणाचें केलें.

आतां आम्हांस सर्वांत आवडलेली वस्तु. वॉरहॉल चित्रकार म्हणून गाजण्यापूर्वीं न्यूयॉर्कमध्यें जाहिरातींचीं व पुस्तकांचीं चित्रें काढून पोट भरी, व १९४९ पासून रेकॉर्डचीं वेष्टनेंही करी. काउंट बेसी, केनी बरेल अशा जॅझ वादकांचीं त्याचीं वेष्टनें रेषेच्या नाजुकपणामुळें प्रसिद्ध आहेत. त्यांतच १९५७ सालचें एक आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून, स्वतः बनविलेलीं वाद्यें वाजविणारा मूनडॉग नांवाचा एक अंध वादक होता. त्याच्या रेकॉर्डवर चेहरा नाहीं, वाद्य नाहीं, रंग नाहीं. पांढऱ्यावर काळ्या, वळणदार, जुन्या धाटणीच्या अक्षरांत नुसता मजकूर आहे. तीं अक्षरें वॉरहॉलचीं नव्हेत. तीं त्याची आई जूलिया वॉरहोला हिचीं. ती १९५२ पासून मुलाजवळ न्यूयॉर्कला राहत असे. इंग्रजी तिला यथातथाच येई. मुलगा मजकूर लिहून देई व ती अक्षरामागून अक्षर चित्रासारखें उतरी. एखादें अक्षर गळलें तरी मुलगा तें तसेंच छापी. अक्षर वळविणाऱ्या पोरांची पाठ थोपटण्यांत आमचा जन्म गेला, म्हणून असेल. आम्हांस ह्या पुठ्ठ्यापुढून हलवेना. ज्यास डोळे नाहींत त्याच्या संगीताचें वेष्टन, जिला ती भाषा नीट वाचतां येत नाहीं अशा बाईनें लिहिलें. चेहरा नसलेल्या ह्या एकाच तसबिरींत आम्हांस वाद्य ऐकूं आल्याचा भास झाला.

ह्या अक्षरांस १९५८ सालीं अमेरिकेंतील मुद्रणकलेच्या एका मान्यवर संस्थेनें प्रशस्तिपत्र दिलें. त्यावर नांव कोणाचें असावें? ‘अँडी वॉरहॉलची आई’ असें! जूलिया हें नांव त्यावर नाहीं. सौभाग्यवती म्हणाल्या, “सगळीकडे चुली मातीच्याच.” शहराबाहेर बेथेल पार्क येथील दफनभूमींत मायलेंकरें जवळ जवळ आहेत. ती १९७२ सालीं गेली, तो २२ फेब्रुवारी १९८७ रोजीं. मागें आईबापांचा दगड, त्यावर घराण्याचें नांव ‘वॉरहोला’; पुढें मुलाचा, त्यावर ‘वॉरहॉल’. त्यावर कोणीतरी सुपाचा डबा ठेवून गेलें होतें.

ह्या बाईच्या नांवावरून आम्हांस सारखें वाटूं लागलें कीं, एवढ्या प्रसिद्ध चेहऱ्यांच्या ह्या गर्दींत ते चेहरे ज्यांनीं प्रथम टिपले त्यांचीं नांवें कोठें आहेत? एल्व्हिसच्या चित्राखालीं चित्रकाराचें नांव आहे, बोलपटाचेंही सांगतात. ज्यानें कॅमेरा धरला त्याचें नाहीं. हा प्रश्न आमच्या एकट्याच्या मनांतला नव्हे. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. प्रिन्स ह्या गायकाचें छायाचित्र लिन गोल्डस्मिथ ह्या बाईंनीं १९८१ सालीं काढलें. १९८४ सालीं एका मासिकानें चारशें डॉलर देऊन, एकदांच वापरण्याच्या अटीवर, तें वॉरहॉलला नमुन्यादाखल दिलें. वॉरहॉलनें त्यावरून एक नव्हे, सोळा चित्रें केलीं. २०१६ सालीं प्रिन्स वारला तेव्हां त्या मासिकाच्या मालकांनीं वॉरहॉलच्या पश्चात् स्थापन झालेल्या संस्थेस दहा हजार डॉलर देऊन त्यांतील नारिंगी चित्र मुखपृष्ठावर छापलें; बाईंस पैसाही नाहीं आणि नांवही नाहीं. खटला झाला. खालच्या न्यायालयानें संस्थेच्या बाजूनें निकाल दिला, वरच्यानें तो फिरविला, आणि १८ मे २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं असें ठरविलें कीं, मासिकास चित्र वापरावयास देण्याचा तो व्यवहार छायाचित्राच्या व्यवहारासारखाच असल्यामुळें बाईंचा हक्क डावलतां येत नाहीं. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ति केगन बाईंनीं, अशानें कलेचा ओघ आटेल, अशी भीति बोलून दाखविली. ती अगदींच पोकळ नाहीं. मल्लिनाथाला कालिदास घ्यावा लागला आणि कालिदासाला व्यास. पण मल्लिनाथ कालिदासाचें नांव घेतो, हें विसरूं नये.

हा खटला आम्हीं घरीं जेवतांना सांगितला व त्यांतून एक लचांड उपस्थित झालें. आमची नात सोळा वर्षांची आहे. तिनें शाळेंतील चित्रकलेच्या वर्गांत ह्याच रीतीनें एक छापचित्र केलें होतें, व तें शाळेच्या प्रदर्शनासाठीं निवडलें गेलें होतें. चित्र आपल्या पंडित भीमसेन जोशी ह्यांचें. केशरी, निळ्या, हिरव्या व काळ्या अशा चार रंगांत चार वेळां छापलेलें. तिनें पिस्तूलवाला प्रकार केला नव्हता. ऐन तानेंतील मुद्रा निवडली होती. सवाई गंधर्वांच्या उत्सवांत ज्यानें त्यांस ऐकलें आहे त्यास तें चित्र पाहतांच कानांत षड्ज लागावा, असें तें उतरलें आहे. कदाचित् ज्यांनीं एल्व्हिसला समोर ऐकलें त्यांस त्या रुपेरी पटांतूनही आवाज येत असेल.

आम्हीं सहज विचारलें, “बाळ, हें मूळ छायाचित्र कोणाचें?” तिला ठाऊक नव्हतें. तिनें दोन संध्याकाळी संगणकापुढें बसून शोध घेतला. तें छायाचित्र वीस ठिकाणीं सांपडलें, नांव एकाही ठिकाणीं नाहीं. तिची आई म्हणाली, शाळेचें प्रदर्शन आहे, विकावयाचें थोडेंच आहे? कायद्यानें तें बरोबरही असेल. पोरीस मात्र तें पटेना. “आजोबा, त्या आजीचं नांव नाहीं म्हणून तुम्हीच चिडला होतात ना?” असें म्हणून तिनें चित्र प्रदर्शनांतून परत आणिलें. आईचें व तिचें दोन दिवस बोलणें नव्हतें. आम्ही कोणाचीच बाजू घेतली नाहीं. मनांतून मात्र नातीच्या बाजूचे होतों.

निघतांना तिनें त्या चित्राची एक प्रत आमच्या पेटींत घातली. खालीं पेन्सिलीनें उजवीकडे स्वतःचें नांव लिहिलें आहे व डावीकडे एक रेघ मारून जागा मोकळी ठेविली आहे. छायाचित्रांत पंडितजींचे डोळे मिटलेले असून उजवा हात खांद्याच्या वर गेला आहे, अंगांत पांढरा झब्बा व खांद्यावर शाल आहे, मागें डाव्या बाजूस तंबोऱ्याचा भोपळा अर्धा दिसतो व उजव्या कोपऱ्यांत पेटीवाल्याची नुसती बोटें आलीं आहेत. हें छायाचित्र कोणीं काढलें तें वाचकांपैकीं कोणास खात्रीनें ठाऊक असल्यास त्यांनीं मासिकाच्या पत्त्यावर अवश्य कळवावें.